धाकटीचा पंखा

६ नोव्हेंबर १९९४, रविवार
मोठी गेली. विकत घेणारे ठाण्याचे गृहस्थ सकाळी जीप घेऊन आले, साडेदहाला ट्रेलर करंजाड्याच्या वळणावरून दिसेनासा झाला. एकवीस फूट, दोन इंजिनं, अकरा वर्षांच्या शर्यती. वि. वर्कशॉपमध्ये फायबरच्या पाण्याच्या टाकीच्या साच्याला पॉलिश मारत बसले, बाहेर आले नाहीत. मीच हात केला. बोटीला कुणी हात करतं का? पण केला.
दुपारी धाकटीवर पन्नास हॉर्सपॉवरचं इंजिन चढवलं. चौदा फूट. आमच्याच साच्यातली, रंगाचा पहिला थर मी मारलेला. मोठीच्या जागी उभी केली तर शेड रिकामीच वाटते.

८ नोव्हें.
वि.ची पाठ पुन्हा. शेकली. म्हणतात, परवा इंजिन उचललं म्हणून. (इंजिन चेनपुलीनं चढवलं. कुणीच उचललं नव्हतं.)
रसायनीच्या दोन टाक्या उद्या जायला हव्यात. झाकणं अजून ओली.

१३ नोव्हें., रवि. आपटा
सकाळीच भरती, नदी तुडुंब, वारा नाही. वि. स्टिअरिंगवर, मी शेजारी स्टॉपवॉच घेऊन. जशी अकरा वर्षं बसत आले तशीच.
इंजिनाबरोबर आलेला तेरा नंबरचा पंखा. वि.चं ठरलेलं वाक्य : "पंखा म्हणजे स्क्रू. तेरा नंबर म्हणजे एका फेऱ्यात तेरा इंच पुढे." पण बोट नाक वर करून नुसती पाणी ढकलत राहिली, पाण्यावर चढायलाच तयार नाही. पूर्ण रेस देऊनही फेऱ्यांचा काटा मिनिटाला ४८००. पाच हजारांच्या वर हवा. "घुसमटतंय बिचारं," वि. म्हणाले. काठाला लावून अकराचा पंखा घातला. लगेच उठली. ५४००! वि. खूश. "संपलं. पंखा ठरला."
नाही संपलं. परतताना रेतीच्या बार्जची लाट आली. मोठी असल्या लाटा कापत जायची. धाकटी उडाली आणि सपाट आपटली. वि. "आई गं" म्हणाले आणि हात स्टिअरिंगवरून सुटले. काठापर्यंत मी आणली. कशी आणली आठवत नाही. त्यांना उठून उतरता येईना. पाणी भरायला आलेल्या वाडीवरच्या दोघी बायांनी खांदे दिले.

१५ नोव्हें., मंगळ.
एक्स-रे. कमरेतला एक मणका सरकलाय. डॉक्टर : बोट बंद. निदान सहा महिने. नंतरचं नंतर बघू.
एक्स-रेचं पाकीट काखेत धरून घरी आले. जिना चढल्यावर म्हणाले, "मग हीही विकून टाकू."
मी म्हटलं, "मी चालवीन."
"कुठे?"
"मोऱ्याच्या शर्यतीत. अठरा डिसेंबरला."
हसले. वाईट नाही हसले, पण हसलेच. नंतर कूस बदलून भिंतीकडे तोंड केलं.
अकरा वर्षांत शर्यतीत एकदाही माझ्या हातात स्टिअरिंग आलं नाही. मी मागितलंही नव्हतं, हे खरं.

२० नोव्हें., रवि. आपटा
एकटी. वि. काठावर पत्र्याच्या खुर्चीत, पट्टा बांधून.
सगळं उलटं. मोठी जड, तिला वळण आधी सांगून ठेवावं लागायचं. हिला नुसता विचार केला तरी वळते. दोन इंजिनं एकमेकांना सांभाळायची, हिचं एकच, सारखं उजवीकडे ओढतं. मनगट दुखून आलं. आणि अकराच्या पंख्यावर काटा सहा हजारांच्या पुढे! इंजिन किंचाळतंय, बोट मात्र आहे तेवढीच पळतेय. वि. काठावरून दोन्ही हात हलवत होते : कमी कर, कमी कर.
घाबरून रेस एकदम सोडली. धाकटी जागच्या जागी थांबली आणि तिचीच मागून आलेली लाट घोट्यापर्यंत आत. मोठीत असं कधी झालं नाही. बादलीनं पाणी उपसलं. वाडीवरच्या बाया काठावर उभ्या राहून पोटभर हसल्या. त्यातली एक माझ्या ओल्या साडीकडे बघून म्हणाली, "ताई, उद्यापासून पोरींसारखा पंजाबी घालून या."
बरोबर आहे तिचं.

२३ नोव्हें., बुध.
हमीदभाईंकडे गेले, मोहल्ल्यातल्या वर्कशॉपात. चौदा वर्षं बहारीनच्या बोटयार्डात होते, इथे येऊन पंखे सरळ करतात, वेल्डिंग करतात. भिंतीवर खिळ्यांना पंखे टांगलेले, देवघरातल्या तसबिरींसारखे.
मी सगळे आकडे सांगितले. त्यांनी ऐकून घेतलं, मग विचारलं, "भाभी, बोटीत बसणार कोण?"
"मी."
"एकट्या?"
"एकटीच."
"मग अकराचा पंखा विश्वासभाईंचा होता. दोघांच्या वजनाचा. तुमचा तेराच. जो घुसमटत होता तोच."
एवढी साधी गोष्ट. वि. पंचाऐंशी किलो. ते उतरले तर बोट दुसरीच झाली, हे आम्हा दोघांच्याही डोक्यात आलं नव्हतं.
घरी सांगितलं. वि.नी कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर दोघांची वजनं मांडली, एक खोडलं. मग : "हमीद बरोबर बोलतो." एवढंच.

२७ नोव्हें., रवि. आपटा
तेराचा पंखा. मी एकटी. पंजाबी ड्रेस, जाकीट, इंजिन बंद करायची दोरी मनगटाला.
उठली! तीन आकडे मोजायच्या आत पाण्यावर. काटा ५४५०, तिथेच थांबला, जसा काही त्याला तिथेच राहायचं होतं. वडापासून धक्क्यापर्यंत सरळ रेष. मी ओरडले. कुणी ऐकलं नसेल, इंजिनापुढे काय ऐकू येणार. काय ओरडले तेही माहीत नाही. शेहेचाळिसाव्या वर्षी.
दोन गोष्टी वाईट. (१) पूर्ण वेगात बेडकासारख्या उड्या मारते. (२) जोरात वळलं की पंखा पाणी सोडतो, इंजिन रिकामं ओरडतं, बोट बसते.
वि.नी काठावरून वेळ घेतली. आकडा वहीत लिहून दाखवला.

२९ नोव्हें.
बॅटरी आणि पेट्रोलची टाकी मागून काढून पुढे नेली. वि.ची कल्पना. खुर्चीत बसून सांगत होते, मी भोकं पाडत होते. "दोन इंच डावीकडे. नाही गं, तुझ्या डावीकडे." इंजिनाखालची छोटी पाती एका बाजूला वळवली, म्हणजे उजवीकडे ओढणार नाही.
नणंदेचा फोन. "वहिनी, या वयात?" मी म्हटलं, हो, याच.

४ डिसें., रवि. मोरा
पहिल्यांदा समुद्र. जेट्टीजवळ लाँचांची ये-जा, पाणी सगळीकडून उसळलेलं. नदीवरचं सगळं शहाणपण पाच मिनिटांत उतरलं. उड्या थांबल्यात, ओढणंही गेलंय. पण वळणावर तेच. तीन वेळा पंख्याचं पाणी सुटलं.
काशिनाथकाका होते. मोऱ्याचे जुने तांडेल, शर्यतीत वळणाच्या खुणेची पिंपं तेच टाकतात. मला बाहेर येताना बघून : "बाय, पंखा पान्यान नाय, हवेन फिरतंय."
"काय करू काका?"
"तुजी बोट हलकी हाय, तू वाकवतंय मोठीसारकी. येकदम नको वाकवू. आदी थोरा दम सोर, वलव, मंग दे." मग हसून, "आनि पंखा बदल. ह्यो पंखा गरीब हाय."
संध्याकाळपर्यंत दम सोडून, म्हणजे रेस कमी करून, वळायचं करत राहिले. हाताला फोड.

७ डिसें., बुध.
हमीदभाईंनी स्टीलचा पंखा काढला, बहारीनहून येताना सामानात आणलेला. तेराच. पण पात्यांची मागची कड आत वळवलेली, चमच्यासारखी. "हा पाणी धरून ठेवतो भाभी. वळणावर सोडणार नाही. काटा थोडा खाली येईल, घाबरू नका." शर्यत होईपर्यंत ठेवा म्हणाले.
घरी भांडण. वि.नी तीन पानं आकडेमोड करून ठेवलेली : पंधराचा पंखा घाल, सरळ रेषेत सगळ्यांच्या पुढे जाशील.
"पण उठणार कशी? प्रत्येक वळणानंतर पुन्हा उठायचंय."
"मी अकरा वर्षं शर्यती मारल्यात, कुमुद."
"मोठीवर. माझ्या शेजारी बसून."
हे कसं निघालं तोंडातून. पण निघालं. शेजारी मी बसायचे, ते नव्हे. चुकून उलटं बोलले आणि दोघांपैकी कुणीच दुरुस्त केलं नाही.

८ डिसें.
अबोला. आमटीला मीठ जास्त झालं, तेही कुणी बोललं नाही.

११ डिसें., रवि. आपटा
स्वतःच म्हणाले, चल, तिन्ही बघू. खुर्ची, पट्टा, थर्मास, स्टॉपवॉच. धक्का ते वड, वळसा, परत. प्रत्येक पंख्यावर तीनदा. बदलताना मी कमरेएवढ्या पाण्यात, ते काठावरून वॉशर नि पिन हातात देत होते. एक पिन चिखलात गेली, पायानं चाचपून काढली.
पंधरा : सरळ रेषेत शेवटी-शेवटी खरंच पळाली. पण काटा ४७००, वळणानंतर म्हशीसारखी बसून राहायची.
साधा तेरा : बरा.
स्टील तेरा : वळणावर पाणी सोडलं नाही. एकदाही नाही. मी मुद्दाम जास्त वाकवून बघितलं, पण तो पाण्याला चिकटून. काटा ५३००.
वि.नी वही पुढे केली. स्टीलच्या ओळीखाली स्वतःच दोन रेघा मारल्या होत्या. म्हणाले, "माझं गणित सरळ नदीचं होतं." मग थर्मासमधला चहा मला आधी दिला.
येताना जीप मी चालवली. ते पूर्ण रस्ताभर बोलत होते. सुरुवात कशी करायची, दुसऱ्याच्या लाटेत शिरायचं नाही, पिंपाला कुठून... मी ऐकत होते. खूप दिवसांनी.

१४ डिसें., बुध.
शर्यतीचा फॉर्म दिला. चालकाचं नाव : कुमुद. लिहून घेणाऱ्यानं विचारलं, "आणि साहेब?" मी म्हटलं, साहेब जेट्टीवर.
रात्री झोप बरी लागली. आश्चर्य.

१८ डिसें., रवि. मोरा
पौर्णिमेची भरती, बारा वाजता भरपूर पाणी. आमच्या गटात नऊ बोटी. बाई मी एकटीच. तीन पिंपांचा त्रिकोण, चार फेऱ्या.
सुरुवात वाईट. झेंडा पडला तेव्हा मी चष्म्यावरचं पाणी पुसत होते. पाचवी. पहिल्या पिंपाला सगळे एकत्र घुसले, मी बाहेरून, दम सोडून, वळवून, मग दिला. दोघं तिथेच मागे पडले, त्यांचे पंखे हवेत ओरडताना ऐकले. मला तो आवाज ओळखीचा!
दुसऱ्या फेरीत तिसरी. तिसऱ्या फेरीत दुसरी. पुढे मुंबईची पांढरी बोट, सरळ रेषेत माझ्यापेक्षा जास्तच पळणारी. प्रत्येक वळणाला मी जवळ जायचे, प्रत्येक सरळ रेषेत ती सुटायची. फेरीभर हेच. शेवटच्या पिंपाला ती पूर्ण वेगात वळली. मी एक क्षण दम सोडला. तिच्या पंख्याचं पाणी सुटलं, ती बसली. मी आतून. धाकटी एका कुशीवर, कोपर पाण्याला लागतंय की काय, आणि स्टीलनं पाणी धरलं. धरलं!
पुढे काही दिसलं नाही. नुसता काठ आणि लोक.
पहिली.
काशिनाथकाका गुडघाभर पाण्यात येऊन दोर धरत : "बाय, पयली आली तू! कललं का? पयली!" मला हसू आणि रडू एकदम.
वि. जेट्टीच्या टोकाला उभे. पूर्ण वेळ उभेच होते म्हणे, खुर्ची कुणा म्हाताऱ्याला देऊन. मी वर चढले तर म्हणाले, "तिसऱ्या फेरीत दुसरं वळण फार लवकर घेतलंस." मान फिरवून समुद्राकडे बघत राहिले. मी त्यांचा हात धरला. मोऱ्याच्या जेट्टीवर, सगळ्यांसमोर.
हमीदभाई सहकुटुंब आले होते. पंखा काढून द्यायला लागले तर घेईनात. "आता तो तुमचाच झाला, भाभी. माशाल्ला, काय पाणी धरलं त्यानं!"

१९ डिसें., सोम.
अंग ठणकतंय. दोन्ही दंड वर होत नाहीत, वेणी वि.नी घातली. भयंकर घातली. तशीच वर्कशॉपला गेले.
नणंदेचा फोन. "वहिनी, पेपरात येईल का?" याद्या घेऊन बसली आहे कुणाकुणाला सांगायचं त्याच्या.

२२ डिसें., गुरु.
मोऱ्याहून चिठ्ठी. फेब्रुवारीत लांबची शर्यत, मोरा ते रेवस आणि परत, खुल्या पाण्यातून. मला बोलावलंय. नियम एकच वेगळा : लांब पल्ला म्हणून बोटीत दोन माणसं हवीत.
वि.नी चिठ्ठी दोनदा वाचली. तेव्हापासून सकाळ-संध्याकाळ चटईवर व्यायाम, न चुकता, दात ओठ खाऊन. डॉक्टरांकडे जायचं ते जानेवारीत. डॉक्टरांनी सहा महिने म्हटलं होतं, ते मला पाठ आहे, त्यांनाही असणार. त्यांना नेलं आणि तसलीच एक लाट आली तर? आणि नाही नेलं तर ते जेट्टीवर पुन्हा तसेच उभे राहणार.
फॉर्म भरायला घेतला. पहिल्या ओळीत माझं नाव लिहिलं. दुसरी ओळ रिकामी.
आतून आवाज आला, "भरला का गं?"
"पेन सापडत नाहीये," मी म्हटलं.
पेन हातातच आहे. त्यानंच हे लिहितेय.