सशाचा पोळा

आबा,

आपल्या घरात आता जनावर म्हणून एक ससा आहे. हसू नका. वडवणीच्या बाजारात एक माणूस खोक्यात ससे घेऊन बसला होता. पोरांनी महिनाभर डोकं खाल्लं होतं, म्हणून एक घेतला आणि माझ्याच एसटीत, पायाशी ठेवून आणला. तुमच्यामागं बैल विकले. नांगरट ट्रॅक्टरनं होते, गोठ्यात मोटारसायकल उभी असते. मी कंडक्टर झाले, हेही तुम्हाला ठाऊक नाही. दिवसभर बीड ते दिंद्रुड उभ्यानं तिकिटं फाडून घरी येते तेव्हा पायात गोळे आलेले असतात. थकले आहे मी, आबा. कुणाला सांगत नाही, तुम्हाला सांगते.

ससा कसा सांभाळायचा हे पोरांना शिकवायला हवं होतं. मी शिकवलं ते एवढंच, की कान धरून उचलू नका आणि पाणी बदलत जा. बाकी सगळं माझ्या नऊ वर्षांच्या लेकीनं मनानंच ठरवलं. पोळ्याच्या आदल्या दिवशी ती धाकट्या भावाला घेऊन सशापुढं बसली आणि दोघं हात जोडून म्हणत होती, ‘आज आवतण घ्या, उद्या जेवायला या.’ शेजारी बैलांना म्हणतात ते ऐकलेलं. मला हसू आलं आणि तुमची लई आठवण आली.

पोळ्याच्या दुपारी ड्युटीवरून येऊन मी आडवी झाले होते. लेक उशाशी आली. ‘आई, सशाला धुऊ का? आज बैलं धुत्यात ना?’ डोळे न उघडता मी म्हणाले, ‘हं, धुवा.’

जाग आली ती धाकट्याच्या रडण्यानं. हौदाजवळ ससा पडलेला, चिंब, कपाळाला कुंकू, गळ्यात झेंडूची माळ, तोंडापुढं पुरणपोळीचा घास. अंग गार. मी पोरीवर ओरडले, ‘अक्कल हाय का न्हाई तुला? मुकं जनावर मारून टाकलं की गं!’ टॉवेलात गुंडाळून त्याला जनावरांच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, ‘ताई, सशाला अंघोळ घालत नसतेत. तो चाटून चाटून आपला आपण साफ राहतो. भिजला की गारठतो, भेदरतो, अन् त्यातच जातो. पोळी तर दाखवूबी नका, वाळलं गवत घाला.’ दोन दिवस मी आणि धाकट्यानं आळीपाळीनं त्याला छातीशी धरून ऊब दिली. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यानं गवताची काडी ओढली.

ससा वाचला, पण लेक त्याच्याजवळ जात नाही. गवत धाकटाच टाकतो. मी विचारलं तर तो म्हणाला, ‘ताई म्हणती, तिच्या हातानं मरंल.’

मीही तेवढीच होते, आबा. आपल्या गाईचं वासरू माझ्या ढिल्या गाठीमुळं सुटलं, कोवळी ज्वारी खाऊन फुगलं आणि बांधावरच गेलं. आजोबा काठी घेऊन गोठ्यात आले. ‘दावं कुणी बांधलतं रं?’ मी कणगीमागं उभी आहे. तुम्ही माझ्याकडं बघतही नाही. ‘माझ्याच हातनं गाठ ढिली राह्यली, दादा,’ म्हणता आणि चार माणसांत मान खाली घालून सगळं ऐकून घेता. आजोबा गेल्यावर तुम्ही मला गाईपाशी नेलंत, दावं हातात दिलंत. ‘बांध. आता वढून बघ. सुटली? परत बांध.’ मग वर्षभर रोज संध्याकाळी जनावरं मीच बांधली. भीतीनं मी लांब पळाले असते, तुम्ही पळू दिलं नाही. लेकीला मला हेच करायचं आहे. पण त्यासाठी आधी ‘धुवा’ कोण म्हणालं ते तिच्यापुढं बोलावं लागेल, आणि तिथंच माझी जीभ उचलत नाही.

हा कागद पाठवायला पत्ता नाही. ड्युटीच्या बॅगेत घडी घालून ठेवीन.

काल पोरांच्या पप्पांचा पुण्याहून फोन आला. ते तिकडं कंपनीत असतात. त्यांनी विचारलं, ‘सशाला काय झालतं?’ मी भाकरी थापत होते. लेक फोनवर म्हणाली, ‘म्या धुतलं, पप्पा. आईला म्हाईत नव्हतं. आई झोपली होती.’ बोलताना तिनं माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. मी भाकरी थापतच राहिले.

पोरगी तुमच्यावर गेली आहे, आबा. मी नाही गेले.