मर्ल हॉगलंडसमोर केलेली सही

मी, ऑल्डन रोल्फसन, वय वर्षे त्र्याऐंशी, राहणार टर्टल फॉल्स, मिनेसोटा, पूर्वी चार वर्षे या देशाचा राष्ट्राध्यक्ष, असे लिहून ठेवतो की माझी बुद्धी शाबूत आहे, स्मरणशक्ती नको तितकी चांगली आहे आणि या लिखाणासाठी मला कोणीही भरीस घातलेले नाही. उजव्या हाताला कंप असल्याने मजकूर मी सांगतो आहे आणि आमचे ओस्टबी वकील तो टंकत आहेत. याआधीची माझी सर्व मृत्युपत्रे रद्द समजावीत. ती राजधानीतल्या वकिलांनी केली होती. त्यांत सगळे होते, मी नव्हतो.

कलम १. तळ्याकाठचे घर, सामानासह, माझी एकुलती एक मुलगी लीनिया हिला द्यावे. हे मृत्युपत्र अमलात आणण्याचे कामही तिचेच. स्वयंपाकघरातला नळ गळतो, हे तिला ठाऊक आहे. तिची आई व्हर्ना म्हणायची, "देशाचा कारभार बघतोस ना, मग आधी हा नळ बघ." व्हर्नाला जाऊन नऊ वर्षे झाली. नळ अजून गळतो. मी प्लंबरला बोलावले नाही, कारण ते ठिबकणे ऐकले की ती आता ओरडेल असे वाटते. लीनियाने मात्र तो दुरुस्त करून घ्यावा.

कलम २. बँकेतली शिल्लक निम्मी लीनियाला, निम्मी गावच्या शाळेला. माझे राजकारण त्या शाळेच्या समितीवरून सुरू झाले. पुढे राज्याची विधानसभा, मग गव्हर्नर, मग ते मोठे घर. दुसऱ्यांदा उभा राहिलो तेव्हा लोकांनी घरी पाठवले, आणि ते बरोबरच केले.

कलम ३. कागदपत्रे माझ्या नावाच्या संग्रहालयाकडे गेलेलीच आहेत. जाणाऱ्या राष्ट्राध्यक्षाने येणाऱ्यासाठी टेबलाच्या खणात एक पत्र ठेवायचे, अशी आमच्याकडे रीत आहे. मी काय लिहिले होते, असे अभ्यासक मंडळी अजून विचारतात. आता सांगायला हरकत नाही. एकच ओळ होती : "शोकपत्रांवर सही स्वतः करा." मला हरवणाऱ्याला हा टोमणा वाटला म्हणे. वाटो.

माझ्या अभ्यासिकेच्या खणात बारा कोरे म्हणावेत असे कागद आहेत. प्रत्येकावर वरच्या कोपऱ्यात "मर्ल्या," एवढेच लिहिलेले आहे. ते लीनियाने न वाचता जाळावेत. वाचण्यासारखे त्यांत काही नाही, हीच तर अडचण.

कलम ४. माझा अंत्यविधी. माजी राष्ट्राध्यक्षाला आपल्या मरणाचा आराखडा जिवंतपणी करून द्यावा लागतो. दरवर्षी लष्कराचा एक तरुण अधिकारी जाडजूड फाईल घेऊन येतो आणि तोफा किती, घोडे किती, विमान कोणत्या धावपट्टीवर, हे मला अदबीने विचारतो. यंदा मी त्याला सांगितले, "बाळा, घोडे राहू देत." तो म्हणाला, "सर, घोडे ठरलेले असतात." तर मी येथे स्पष्ट लिहितो : घोडे नकोत, तोफा नकोत. आमच्या लुथरन चर्चमध्ये प्रार्थना, तळघरात बायकांनी केलेली बटाट्या-खिम्याची परात आणि पातळ कॉफी, आणि व्हर्नाशेजारी जागा. कबरीवर दगड नको. लाकडी पाटी हवी, हाताने रंगवलेली. कोणाच्या हाताने, ते पुढे येते.

कलम ५. आमच्या गावात पाट्या रंगवणारा मर्ल हॉगलंड हा पहिलीपासूनचा माझा मित्र. "रोल्फसनला मत द्या" ही पहिली पाटी त्याने गोठ्याच्या फळ्यांवर रंगवली. रंग स्वतःचा घातला आणि वर म्हणाला, "पडलास तर फळ्या परत कर, म्हशीसारखा बघत बसू नकोस." त्याचा मुलगा कर्टिस मला ऑल्डनकाका म्हणायचा. माझ्या होडीत बसून तो मासे धरायला शिकला. पकडलेल्या प्रत्येक माशागणिक त्याने होडीच्या कडेवर चाकूने एक रेघ मारली आहे.

मी सैन्य पाठवले. त्याचा हिशेब इतिहास करील. मेलेल्यांच्या घरी जाणाऱ्या पत्रांवर मी सुरुवातीला रोज स्वतः सही करायचो. मग पत्रे वाढली. सहीचे यंत्र असते, खरे पेन धरून हुबेहूब सही करते. माझ्या कार्यालयप्रमुखाने ते सुचवले; मी हो म्हणालो. त्याला कोणी दोष देऊ नये. कर्टिस लढाईत गेल्याचे पत्र ज्या दिवशी निघाले, त्या दिवशी मी दूर एका जत्रेत प्रचाराला उभा राहून भाजलेले मक्याचे कणीस खात होतो. यादी मी पाहिलीच नव्हती. पत्राची सुरुवात होती, "प्रिय श्री. हॉगलंड."

मला तीन आठवड्यांनी कळले. मी गावी आलो, त्याच्या दुकानात गेलो. तो म्हणाला, "आत ये. तुझी काळ्या कोटातली माणसं बाहेर ठेव." त्याने स्वतःला आलेले पत्र आणि शेजारच्या गावातल्या एका आईला आलेले तसलेच पत्र एकावर एक ठेवले आणि खिडकीच्या काचेला धरले.

"बघ. सह्यांत केसाचा फरक नाही. पन्नास वर्षं होत आली ब्रश धरतोय मी, ऑल्डन. माणसाचा हात दोनदा तसाच चालत नाही."

"मर्ल्या, मला वेळ नव्हता रे..."

"पोराला पाठवायला होता ना?"

एवढेच. तेवीस वर्षे झाली. चर्चमध्ये तो माझ्यापुढे तीन बाक सोडून बसतो. त्याची मान पिकली, वाकली, हे मी मागून पाहिले आहे. एकदाही वळला नाही. मी त्याच्या जागी असतो तर वळलो नसतो. पण मला फार एकटे वाटते, हे येथे लिहून ठेवतो.

कलम ६. ~~माझी होडी, कर्टिसच्या रेघांसह, मर्ल हॉगलंड याला द्यावी.~~ (खोडले. ऑ. रो.)

खोडण्याचे कारण : हे कलम मी मंगळवारी सांगितले आणि ओस्टबींना त्याच्या घरी धाडले. होडी घे, पाटी रंगव आणि जमल्यास साक्षीदार म्हणून ये, असा निरोप होता. ओस्टबींनी त्याला समजावले की साक्षीदाराने मृत्युपत्रातून काही घ्यायचे नसते; होडी तरी किंवा साक्ष तरी. ते सांगतात, मर्लने आधी रेघा किती आहेत असे विचारले. ओस्टबींना ठाऊक नव्हते. एकेचाळीस आहेत.

मग तो म्हणाला, "होडी नको म्हणावं. साक्षीला येतो. तो सही करताना मला त्याचा हात बघायचाय."

म्हणून होडी लीनियाला. तिने ती मर्लच्या धक्क्याला बांधून ठेवावी आणि कधीही परत मागू नये.

कलम ७. आज सकाळी ओस्टबी म्हणाले, "साहेब, हात फारच थरथरतोय. तुमच्या सांगण्यावरून मी तुमच्या नावाने सही केली तरी कायद्याला चालतं." त्यांचा हेतू चांगला आहे. मी म्हटले, "ओस्टबी, हे वाक्य मी आयुष्यात एकदा ऐकलंय." सही मीच करीन, कितीही वेळ लागो.

ठिकाण : राहते घर, टर्टल फॉल्स. दिनांक : १६ नोव्हेंबर २०१७.

(सही) ऑल्डन रोल्फसन

साक्षीदार १ : डोना क्विस्ट, परिचारिका. सही माझ्यासमोर झाली. रोल्फसन साहेब शुद्धीवर होते. रडत होते, पण शुद्धीवर होते.

साक्षीदार २ : मर्ल हॉगलंड, पाट्या रंगवणारा. मी शेजारी उभा होतो. अकरा मिनिटे लागली. पेन दोनदा पडले, मी उचलून दिले. हाताला हात लावला नाही. पाटीचे मी कबूल केलेले नाही. सही मात्र त्याचीच आहे, अशी दुसरी कुठे असणार नाही.