भीमसिंगचा भाव

१२ नोव्हेंबर १९६१, दिग्रस

हरलो! उमरखेडने आमच्याच मैदानावर तीन गोल घातले. तिन्ही त्यांच्या भीमसिंगचे, तिन्ही माझ्या बाजूने. मी अकरा वर्षं क्लबात डावा बॅक आहे, आज प्रथमच वाटलं की गुडघ्यांना ग्रीस हवं. आमचा गोलकीपर अय्यूब, सायकलवाला, म्हणाला, "बाबारावजी, तुमी त्याले अडवून राह्यलते का रस्ता दाखवून राह्यलते?"

अध्यक्ष फुलचंदशेठ मात्र शांत होते. शेठ शांत बसले की काहीतरी विकत घेतात.

१५ नोव्हेंबर

घेणार! भीमसिंगलाच घेणार! मी शेठच्या जिनिंगमध्ये, कापसातली सरकी काढतात तिथे, इंजिनमिस्तरी, त्यामुळे बातमी मला आधी. "जानेवारीत शील्डची फायनल हाय, मिस्तरी. गोल करनारा पायजे."

१९ नोव्हेंबर

सौदा झाला. सरकीच्या ढिगाशेजारी. उमरखेडचा क्लब तिथल्या जिनिंगवाल्या शेठचा, तेच आले होते. बाजारात आता कापसाचा लिलाव उघड होतो, पण आमच्या शेठचा हात जुना. दोघांच्या हातांवर उपरणं टाकलं आणि आत बोटं दाबणं सुरू! भाव त्या दोघांनाच ठाऊक.

त्याआधी शेठनी भीमसिंगची पोटरी चिमटीत धरून पाहिली. कापसाचा धागा ओढून बघतात ना, तशी. पोरगा लाजून लाल.

२३ नोव्हेंबर

भाव कोणालाच माहीत नाही, म्हणून सगळ्यांनाच माहीत आहे. हॉटेलात तीनशे. मशिदीजवळ पाचशे. एसटी स्टँडवर हजार – गाडी पुसदला पोचेपर्यंत दोन होत असतील.

वर्गणी देणाऱ्यांची झोप उडाली आहे. क्लब बुडणार म्हणे!

मारोती पानवाला – "इतल्यात बैलजोडी आली असती."

अय्यूब – "बैल गोल करते का?"

मारोती – "पळून तं जात नाई!"

घरी कौसल्या म्हणाली, "आन् तुमचा भाव काय?" मी म्हटलं, आपण घरचे. घरच्यांचा कोणी भाव करत नाही.

१० डिसेंबर

भीमसिंग आला. नोकरी, खोली, नवे बूट. सरावात त्याने मला सांगितलं, "काका, तुमी मांगंच राहा, पुढचं मी पाह्यतो."

काका! हेवा वाटतो, खोटं कशाला लिहू? पोरगा खेळतो मात्र फार सुंदर.

२४ डिसेंबर

बोरी अरबवर चार गोल! तीन भीमसिंगचे, चौथा माझ्या लांब किकवर अय्यूबच्या भावाने ढकलला. आम्ही फायनलमध्ये! अकरा वर्षांत प्रथमच. १४ जानेवारीला ती एक मॅच खेळायची, मग बूट खुंटीला. देवाकडे दुसरं काही मागणं नाही. भाव काय पडला असेल तो पडो, वसूल झाला.

३१ डिसेंबर

भाव कळला. शेठनीच सांगितला.

एक पैसा दिलेला नाही. उमरखेडच्या जिनिंगचं इंजिन दिवाळीपासून बंद, मिस्तरी मिळेना. त्यांना रोकड नकोच होती. मी हवा होतो!

"बोट दाबलं तवाच ठरलं, मिस्तरी. एक जानेवारीपासून तुमी तिकडं. पगार दहा रुपये जास्त. तिकडंबी क्लब हाय, खेळा की!"

मी म्हटलं, फायनल झाल्यावर जातो.

"सीझन चालू हाय. कापूस थांबते का?"

संध्याकाळी गावभर आनंद. वर्गणी वाचली! मारोतीने सगळ्यांना पान खिलवलं – "फुकटात मिळाला!" मलाही दिलं. खाल्लं. एकट्या अय्यूबने ते फेकलं आणि आपल्या सायकलच्या दुकानाचं फळकूट लावून आत जाऊन बसला.

रात्री मी रडलो. कौसल्याने बूट पुसून पिशवीत ठेवले.

१४ जानेवारी १९६२, उमरखेड

इंजिन सुरू केलं. दिग्रसात आता फायनल चालू असेल.

पाच वाजता बूट घेऊन निघालो. मैदानात कापसाच्या गाड्या सुटलेल्या. क्लब महिन्यापूर्वीच मोडला – भीमसिंग गेल्यावर कोणी फिरकेना. परत येताना जिनिंगच्या दारात इथले शेठ भेटले. त्या तीन गोलांच्या दिवशी हेच पहिल्या खुर्चीवर बसले होते. माझ्या हातातल्या बुटांकडे बघून म्हणाले, "मिस्तरी, तुमी बी फुटबॉल खेळता का?"