दुधाची पिशवी आणि तापलेला रस

लाँग आयलंड, फेब्रुवारी २००३

तीर्थरूप बाबा,

इथूनच वाकून नमस्कार. थंडी फार आहे, पण कानटोपी घालते, असं आईला सांगा.

तुम्ही माझं काम विचारलंत आणि फोनचं कार्ड संपलं, म्हणून लिहिते. आमच्या प्रयोगशाळेत सोन्याच्या अणूंचे गाभे एकमेकांवर आदळले की क्षणभर भयंकर तापलेला रस तयार होतो. त्याला क्वार्क-ग्लुऑन प्लाझ्मा म्हणतात. त्यात सुसाट निघालेला कण वाटेत सगळ्यांना ऊर्जा देत देत पार मंदावतो. प्रकाशाचा कण मात्र कशातच न गुंतता बाहेर पडतो.

मला तुम्हीच आठवता. कोथरूडात दुधाची पिशवी आणायला केवढ्या घाईने निघायचात, आणि भेटेल त्याच्याशी बोलत तासाभराने परतायचात. तोवर आईच्या चहाचं आधण आटलेलं असायचं.

इथे मला कोणीच थांबवत नाही. दूध घेऊन दहा मिनिटांत घरी येते, प्रकाशाच्या कणासारखी.

आई म्हणाली, हल्ली तुम्हीही दहा मिनिटांत येता. तिला ते बरं वाटतंय.

बाबा, वाटेत आता कोणी भेटत नाही का?

तुमची,
केतकी