आई विसरली नव्हती

प्रिय गोरक्ष,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे पत्र आधी बाजूला टाकशील आणि जेवण झाल्यावर गुपचूप उघडशील. फोन केला असता तर दोन वाक्यांत तोडला असतास. कागद फाडायचा तरी आधी वाचावा लागतो. आईच्या दहाव्यानंतर आपण बोललो नाही. बांध एक, विहीर एक, आणि मी समोरून आले की तू मोबाईल कानाला लावतोस. पलीकडे कुणी नसतं हे मला कळतं रे. सहावीत असतानाही तुला खोटं धड जमत नव्हतं. पुढे जमायला लागलं, ती तुझ्या पक्षाच्या साहेबांची कृपा.

इकडे सगळं बरं आहे. कालवड मोठी झाली. कांद्याचं रोप यंदा चांगलं आलंय. आईचा चष्मा अजून खिडकीत आहे. मोतीबिंदू काढून आणल्यावर ती चष्मा लावून तांदळातले खडे माझ्याआधी टिपायची, हे तुला ठाऊक आहे. ठाऊक असूनही लोकसभेच्या वेळी तू सरकारी माणसांना सांगितलंस की म्हातारीला दिसत नाही.

मी त्या दिवशी राहुरीला गेले होते. मी घरी नसेन असा दिवस बघूनच तू तो ठरवला असशील. पंच्याऐंशीच्या पुढच्यांचं मत घरी येऊन घेतात, त्यासाठी आधी अर्ज लागतो. त्या अर्जावर तू आईचा अंगठा घेतलास आणि तिला सांगितलंस की रेशनची केवायसी आहे. रेशनला अंगठा द्यायची तिला सवयच होती. मग ती माणसं आली, पुठ्ठ्याचा आडोसा मांडला, व्हिडिओ काढला, आणि तिचा सोबती म्हणून आडोशामागे तू जाऊन बसलास. कागदावर खूण तू केलीस. आई मला संध्याकाळी कौतुकानं सांगत होती, "रेशनवाले आल्ते, माजा फोटू काढला, लई भली मानसं." मीही मूर्ख, मान डोलावली.

मतदानाच्या दिवशी तिनं सकाळीच आंघोळ केली, ठेवणीतलं लुगडं नेसली. लग्न होऊन आली तेव्हापासून एकही मत तिनं चुकवलं नव्हतं. बाप दारू पिऊन पडलेला असायचा तेव्हाही ती एकटी जायची. कुणाला दिलं ते तिनं बापालाही कधी सांगितलं नाही. तेवढी एकच गोष्ट तिच्या मालकीची होती, गोरक्ष. शेत बापाचं, घर बापाचं, मग तुझं. मत तिचं.

शाळेच्या खोलीत मतदान अधिकाऱ्यांनी यादी बघितली आणि म्हणाले, "आजी, तुमचं मत घरी होऊन गेलंय." आई म्हणाली, "कवा? म्या न्हाई दिलं, बाबा." तू चार हातांवर पक्षाचा एजंट म्हणून बसला होतास. तिनं तुझ्याकडं बघितलं. तू एक शब्द खरा बोलला असतास तरी मी आज हे लिहिलं नसतं. तू यादीत डोकं घातलंस आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालास, "म्हातारी इसरायला लागलीय आता." रांगेतली माणसं हसली. कोण कोण हसलं ते मला आजही पाठ आहे.

तिथून ती घरी आली ती निम्मीच आली. भाजीत मीठ घालायची आणि मला विचारायची, "घातलं का गं म्या?" दिवा लावून परत लावायला उठायची. सारखी एकच विचारणा, "सविता, मी खरंच इसरले का?" मी घसा फुटेस्तोवर सांगितलं की तू नाही विसरलीस, गोरक्षनं फसवलं. ते तिला पटेना. स्वतःचं डोकं फिरलंय हे तिनं मान्य केलं, पण पोरगा फसवेल हे नाही केलं. श्रावणात गेली. सरणाजवळ तू मोठ्यानं रडलास, आणि मी तिथंच ठरवलं की याला रडवायचं ते असं नाही, माणसांत.

आता विधानसभेचं ऐक. आपल्या बूथचं लीड तू साहेबांना छातीठोक कबूल केलं होतंस. त्यावर तुझं झेडपीचं तिकीट उभं होतं. आणि नेमकी मतदानाच्याच दिवशी माझी बायकांची टोळी, बेचाळीस जणी, कांदा लागवडीला पारनेरकडं गेली. पहाटेच निघालो, दिवस मावळल्यावर परतलो. तू दारोदार गाड्या पाठवल्यास, दारांना कुलपं. बूथ तेवीस मतांनी मागं पडलं. साहेबांनी भर सभेत तुला उभं केलं आणि तिकीट आसारामला दिलं. मी मागं बायकांत बसले होते. तुझी खाली गेलेली मान बघितली आणि घरी येऊन पोटभर जेवले. आईच्या मागं पहिल्यांदा.

तू समजलास की विरोधकांनी टेम्पोवाल्या शलमोनला फोडलं. शलमोनला काही माहीत नव्हतं. मी सांगेन तिथं तो टेम्पो नेतो. काम परक्या गावचं, उक्तं, आणि दिवस ठरवायचा माझ्या हातात होता. शेतकरी म्हणत होता, आज या नाहीतर उद्या या. बायकांना मी सांगितलं की आजच नाही गेलं तर तो दुसरी टोळी लावेल. बऱ्याच जणींना मत हुकल्याचं सुखदुःख नव्हतं. एक म्हणाली, "कुनीबी आलं तरी हंडा माज्याच डोक्यावर." एकीचं नाव अजून माहेरच्या यादीत. एकीचं मत नवराच ठरवतो, तिला त्या दिवशी सुटल्यासारखं वाटलं. पण टोळीत ज्ञानेश्वरी होती, अठरा पूर्ण झालेली, पहिलंच मत. येताना टेम्पोत ती आपलं कोरं बोट बघत बसली होती. तिला न विचारता तिचं मत मी घेतलं होतं. म्हणजे तुझीच बहीण ठरले. हे मात्र मला सहन होत नाही, आणि याचाही राग मी तुझ्यावरच धरलाय.

पत्र का, ते सांगते. रविवारी त्यांच्या ख्रिस्ती देवळातून परतताना शलमोनची बायको मरिया माझ्याकडं आली. तक्रार केली नाही. टेम्पोला कुणी गिऱ्हाईक आहे का, एवढंच विचारलं. तू कारखान्यावर सांगून त्याचं काम बंद केलंस, गावात त्याला भाडं मिळू देत नाहीस. तर गुन्हेगार मी आहे, शलमोन नाही. येत्या सोमवारपर्यंत त्याचा टेम्पो कामावर दिसला पाहिजे. नाहीतर या पत्राची झेरॉक्स मी काढून ठेवलीय, ती देवळालीच्या आठवडे बाजारात उभी राहून वाचीन. पुढच्या मतदानाला त्याच टेम्पोतून बेचाळीस जणी येतील आणि त्यांना हवं त्याला मत देतील, ज्ञानेश्वरी सगळ्यांत पुढं. मीही येईन, आईचं लुगडं नेसून. माझं नाव पुकारतील, सही करीन, बोटाला शाई लावून घेईन, आणि मग सांगीन की मला मत द्यायचं नाही, तसं वहीत लिहा. तसं लिहून घ्यावं लागतं, मी मास्तरांना विचारून ठेवलंय. मतदान अधिकारी कारण विचारतील. मी एजंट म्हणून बसलेल्या तुझ्याकडं बोट दाखवीन. तेव्हा यादीत डोकं घालू नकोस. मान वर कर आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हण, आक्काबी इसरायला लागलीय.

काही न विसरलेली तुझीच,
सविताआक्का