पुस्तक उघडणारा डॉक्टर

बमरोली, सुरत
१४ सप्टेंबर १९९६

सौ. मंगलाबाईस घरधन्याचा आशीर्वाद.

आपल्या प्रदीपचा ताप अजून उतरला नाही, पण पेज पोटात ठरते. तू जिवाला घोर लावून घेऊ नकोस.

इथले डॉक्टर तरुण आहेत, तपासून झालं की पुस्तक उघडतात. सूनबाई पुटपुटली, "आबा, याला येतं तरी का काही? सुया देणाऱ्याकडे चला."

काल रिपोर्ट घेऊन ते स्वतः खोलीवर आले. "बाबा, मी मलेरिया समजलो, निघाला टायफॉइड. माझं चुकलं. मोठ्या डॉक्टरांना विचारून औषध बदललंय."

असा माणूस पुन्हा तसा चुकणार नाही, असं वाटून मी प्रदीपला त्यांच्याच हाती ठेवलं. तेव्हापासून सूनबाई माझ्याशी बोलत नाही. तिचंही खरं आहे. दुखणं तिच्या नवऱ्याला, आणि भरवसा टाकला मी.

तुझा गुडघा कसा आहे? चालवत असेल तर इकडे येऊन जा.

तुझी वाट पाहणारा,
निंबा