एक कुठला आणि गाणं कुणाचं

ती. दाजींस,

तुमच्या धाकट्या मेहुणीचा वाकून नमस्कार. (वाकणं कमरेपुरतंच, मतं ताठ आहेत.) तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का, ताईचं रक्तदाबाचं यंत्र तिला पटेल असे आकडे दाखवतं का, आणि निवृत्तीनंतर तुम्ही घरात नक्की कुठं बसता, हे सविस्तर कळवावं. मी बरी आहे. घसा बसला आहे, पण तो गाऊन नव्हे, बोलून बसला आहे. त्याचीच ही हकिकत.

आमच्या वाचनालयात दर गुरुवारी, दारं बंद झाल्यावर, मासिकांच्या खोलीत आमचा हौशी वाद्यवृंद जमतो. वृंद म्हणजे चौघं. दातांचे डॉक्टर गिटार वाजवतात, कोपऱ्यावरचे शिंपीकाका कीबोर्ड वाजवतात, रुग्णालयातली एक परिचारिका गाते, आणि मी, ग्रंथपाल या नात्यानं, खोलीची किल्ली आणि वैचारिक बाजू सांभाळते. पुढच्या शनिवारी सभागृहात आमचा पहिला कार्यक्रम आहे. परिचारिकेचा तो शेवटचाही, कारण सोमवारी ती बदलीच्या गावी हजर होते. नऊ वर्षं ती जुन्या मासिकांच्या गठ्ठ्यांना गाणं ऐकवते आहे. जाण्याआधी एकदा माणसांपुढं गाता यावं, एवढंच तिचं मागणं. तो कार्यक्रम आता होतो की नाही अशी पाळी आली आहे, आणि ती माझ्यामुळं आली असं सगळे म्हणतात. लोकांचं म्हणणं मी नेहमी पूर्ण ऐकून घेते आणि मग खोडून काढते. या वेळी खोडायला जरा वेळ लागतो आहे.

सुरुवात आकड्यांपासून झाली. परिचारिकेची रात्रपाळी असली की तिचा आवाज दोन सूर खाली उतरतो. मग डॉक्टरांना सगळ्या कॉर्ड (गाण्यामागं एकदम वाजवायचे सुरांचे जुडगे) नव्यानं लिहाव्या लागत, आणि त्यांचं अक्षर म्हणजे औषधाच्या चिठ्ठीचं. शिंपीकाका त्यातून दर वेळी वेगळाच आजार वाजवत. मी पुस्तकं धुंडाळली तेव्हा कळलं की जगात शहाण्या माणसांनी यावर केव्हाच तोड काढली आहे. कॉर्डला नाव द्यायचंच नाही, नंबर द्यायचा. गाणं ज्या सुरावर घरी येऊन टेकतं तो एक. तिथून मोजत चौथा तो चार, पाचवा तो पाच. गाणारी वर गेली की एक वर जातो, खाली आली की खाली, कागद तोच. दाजी, मी आयुष्यभर व्यासपीठांवरून जे ओरडत आले ते इथं चार आकड्यांत लिहिलेलं होतं. जन्मानं कुठलाही सूर उच्च नाही. जिथून माणूस सुरुवात करतो, तो त्याचा एक. यावर मी चाळीस मिनिटं बोलले. शिंपीकाकांनी तेवढ्यात एका सदऱ्याची काजं पूर्ण केली.

पुढच्या गुरुवारी आकड्यांचे कागद वाटले आणि आम्ही सुरू केलं. परिचारिका रात्रपाळी करून आली होती, तिनं आपला खालचा एक धरला. डॉक्टरांच्या गिटारच्या मानेवर आदल्या आठवड्याचा चिमटा तसाच बसलेला होता (तो लावला की तारा आखूड होतात आणि सूर चढतो), त्यांचा एक तिथं. शिंपीकाकांच्या कीबोर्डवर पट्टी बदलायचं एक बटण आहे, ते त्यांच्या नातवानं कधीतरी दाबलेलं, त्यांचा एक आणखी तिसरीकडं. तिघांनीही कागदाबरहुकूम वाजवलं. एक आकडा चुकला नाही. तीन माणसं एकच नकाशा घेऊन तीन वेगवेगळ्या गावांत हिंडत होती आणि प्रत्येकाला आपण वेळेवर पोचलो याचं समाधान होतं. खालच्या मजल्यावरच्या चष्मेवाल्यानं वर येऊन कुणाला लागलंय का, असं अदबीनं विचारलं. तेव्हापासून नियम केला आहे की आधी एक कुठला ते मोठ्यानं सांगायचं, मग समतेकडं वळायचं. हा नियम बऱ्याच चळवळींना लागू पडेल, पण ते पुन्हा कधीतरी.

आता हक्कांचं. कागदावर नुसते आकडे आहेत म्हटल्यावर डॉक्टरांनी काढलेला निष्कर्ष असा, की गाणी आता आपलीच. मी त्यांना समजावलं की एक-पाच-सहा-चार ही कॉर्डची वाट कुणाच्या मालकीची नाही, तिच्यावरून हजार गाणी गेली आहेत. पण त्या वाटेवरून जे चाललं, ते शब्द आणि ती चाल, त्याला मालक असतो. डॉक्टर म्हणाले, मग खाली बारीक अक्षरांत ‘सर्व हक्क मूळ मालकांचे’ असं छापू. म्हणजे दुसऱ्याची छत्री उचलायची आणि तिच्यावर ‘ही छत्री मालकाची आहे’ अशी चिठ्ठी डकवून पावसात निघायचं. मी विचारलं, तुमच्या दवाखान्यातली खुर्ची मी अशीच नेली तर? ते म्हणाले, न्या, हप्ते अजून शिल्लक आहेत. अशा माणसाशी तत्त्वावर वाद घालता येत नाही.

खरी मेख सभागृहाच्या व्यवस्थापकांकडं होती. गेल्या वर्षी तिथं एका निवेदकानं एका बाईंची कविता ‘कुणीतरी म्हटलंच आहे’ असं म्हणून वाचली. मी भर सभेत उभी राहिले. कुणीतरी नावाचा कवी अजून जन्मलेला नाही, असं मी सांगितलं, टाळ्या पडल्या, आणि ठराव झाला की यापुढं प्रत्येक रचनेमागं कर्त्याची सही असलेला कागद हवा, नाहीतर पडदा उघडणार नाही. व्यवस्थापकांनी त्या ठरावाची प्रत आता मलाच दिली. खाली सूचक म्हणून माझं नाव आहे.

तेव्हा मी आमच्या अकरा गाण्यांची यादी केली आणि पत्रं लिहायला बसले. सहा जणांनी उत्तरच दिलं नाही. एका कंपनीनं सात पानी अर्ज पाठवला, त्यात आमच्या ‘प्रेक्षागृहांची साखळी’ कुठंकुठं पसरली आहे ते विचारलं होतं. एका गीतकाराच्या मुलानं आनंदानं परवानगी दिली आणि त्याच्या बहिणीनं त्याच टपालानं ती नाकारली. एका वयोवृद्ध संगीतकारांनी आमचं ध्वनिमुद्रण मागवून ऐकलं आणि प्रेमानं कळवलं की परवानगी आहे, गाऊ मात्र नये. उरलेल्या एका कंपनीला धाडलेलं पत्र पत्ता सापडत नाही म्हणून परत आलं. दहा गेली. अकरावं उरलं, ज्याला मी पत्रच पाठवलं नव्हतं. ते परिचारिकेचं सर्वांत आवडतं, मीच तिला शिकवलेलं. यादीत त्याच्यापुढं मी ‘कर्ता अज्ञात’ लिहिलं होतं. परवा गुरुवारी तिनं ती यादी हातात घेतली आणि शांतपणे म्हणाली, “बाई, कुणीतरी नावाचा कवी नसतो, असं तुम्हीच म्हणता ना? मग हे केलं कुणी?”

दाजी, मी कामगारांच्या सभांत बोलले आहे, वीज गेलेल्या मांडवात कर्ण्याशिवाय बोलले आहे. त्या खोलीत मात्र मी यादी परत घेतली आणि ‘अज्ञात’वर काट मारली. शिंपीकाकांनी कीबोर्डचं बटण उगाच दाबलं आणि सोडलं. मग मी म्हणाले, पत्ता आहे माझ्याकडं, शुक्रवारी दुपारी बाराच्या आत कागद येईल.

असो. गुडघ्याला जपावं. ताईला नमस्कार.

तुमची मेहुणी

ता. क. १ : सोबत एक अर्ज जोडला आहे. ‘शब्द’ या रकान्यात तुमचं नाव घातलं आहे. चौतीस वर्षांपूर्वी ताईला देण्यासाठी माझ्या हाती दिलेल्या त्या चार कडव्यांखाली तुम्ही लाजून नाव घातलं नव्हतं, म्हणून मीही अज्ञात लिहिलं. सही करून उलट टपाली पाठवावा. परिचारिकेला तेवढं एकच गाणं उरलं आहे.

ता. क. २ : ‘चाल’ या रकान्यात माझं नाव आहे, पेन्सिलीनं. तुमच्या कागदावर चाल नव्हतीच. ती मी वाटेत येता येता लावली आणि ताईला म्हणून दाखवली. तिनं विचारलं, चालही त्यांचीच का, आणि तिचा चेहरा पाहून मी हो म्हणाले. पुढं तुम्हीही हो म्हणालात. तुम्ही ते अजूनही अंघोळीला गुणगुणता आणि ती स्वयंपाकघरातून दाद देते, म्हणून मी आजवर तोंड उघडलं नाही. मी गप्प बसल्याचा माझ्या आयुष्यातला हा एकच प्रसंग, तेव्हा त्याची नोंद व्हावी.

ता. क. ३ : ताई, त्यांचा चष्मा हरवलेला असतो आणि पत्रं तूच वाचून दाखवतेस, हे मला ठाऊक आहे. या पत्रातलं काय मोठ्यानं वाचायचं ते तुझं तू बघ. पेन्सिल खोडायची की शाईनं गिरवायची, तेही तूच ठरव. फक्त सही तेवढी शुक्रवारच्या आत घे.